चंचल मुलाला उत्तेजक औषध दिल्यावर त्याची नजर स्थिर कशी होते?

प्रश्न असा आहे: "माझ्या 9 वर्षांच्या भाच्याला एडीएचडीसाठी मिथाइलफेनिडेट सुरू केलंय. मुलगा आधीच चळवळ्या, त्यात औषध उत्तेजक, आणि तरी तो शांत बसायला लागलाय. वाचताना पूर्वीसारखी ओळ सुटत नाही असंही ताई म्हणते. हे कसं होतं? औषधाचा डोळ्यांच्या हालचालीवर परिणाम होतो का? आणि डोळे तपासून औषध लागू पडतंय की नाही ते कळेल का?"

एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि चळवळ आवरणं अवघड जाणं, आणि मिथाइलफेनिडेट हे त्यावरचं उत्तेजक औषध. पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे. परिणाम होतो, पण डोळा फिरवणाऱ्या स्नायूंवर नाही. मेंदूतली जी यंत्रणा नजरेला "आत्ता नको, थांब" असं सांगते तिच्यावर होतो, आणि मुलाला जागेवर बसवणारी यंत्रणाही बरीचशी तीच आहे. तिसऱ्याचं उत्तर निराश करणारं आहे, ते शेवटी देते. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि त्याआधी काही वर्षं डोळ्यांच्या हालचाली मोजणाऱ्या प्रयोगशाळेत काढली आहेत. मुलांवर उपचार करणारी डॉक्टर मी नाही, त्यामुळे गोळी किती आणि केव्हा यावर बोलणार नाही.

सुरुवात डोळ्यापासून. हे वाचताना तुम्हाला वाटत असेल की नजर ओळीवरून सरकत जाते. ती सरकत नाही, उड्या मारते. एक उडी, क्षणभर मुक्काम, पुन्हा उडी, असं सेकंदाला साधारण तीनदा. या उडीला सॅकेड म्हणतात. याचं कारण असं की दृष्टिपटलाच्या अगदी मधला बारकासा भागच बारीक अक्षर वाचू शकतो. हात लांब करून अंगठा धरला तर त्याच्या नखाएवढी जागा काय ती स्पष्ट दिसते, बाकी सगळं अंदाजपंचे. म्हणून मेंदूला सतत ठरवावं लागतं की हे नख आता कुठे ठेवायचं. दिवसभरात असे लाखभर निर्णय होतात आणि त्यांतला एकही आपल्या लक्षात राहत नाही. संशोधकांना डोळा आवडतो तो यासाठी: प्रत्येक उडी मिलिसेकंदात मोजता येते आणि माणसाला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

कडेला काही हललं की नजर तिकडे जाते. शिकारी कुठून येईल हे बघण्याची ही फार जुनी सोय आहे, आणि ती दाबून ठेवायला कष्ट पडतात. किती कष्ट पडतात हे मोजायची युक्ती टोरांटोमध्ये काम करणाऱ्या पीटर हॅलेट यांनी 1978 मध्ये काढली. समोर मध्ये ठिपका, मग डावीकडे किंवा उजवीकडे अचानक दुसरा ठिपका. सूचना एवढीच की जिकडे ठिपका उमटेल त्याच्या बरोबर उलट दिशेला बघायचं. याला अँटिसॅकेड म्हणतात.

घरी करून बघा. कुणाला तरी समोर बसवा, दोन्ही हात त्याच्या खांद्यांच्या रुंदीवर धरा आणि सांगा, "माझ्या नाकाकडे बघ. ज्या हाताचं बोट हलेल, त्याच्या उलट्या हाताकडे बघायचं." मज्जाविकारतज्ज्ञ रुग्णाच्या खाटेशी हीच चाचणी करतात, यंत्राशिवाय. धडधाकट मोठा माणूसही अधूनमधून चुकतो. दहात एखाद-दोन वेळा डोळा आधी हलत्या बोटाकडे जातो आणि मग चपापून परत फिरतो. गंमत म्हणजे पुष्कळदा आपण चुकलो हे त्याला कळतही नाही, समोरच्याला मात्र लख्ख दिसतं. मी स्वतः यंत्रासमोर बसले तेव्हा माझी खात्री होती की मला हे सहज जमेल. आलेख बघितल्यावर ती खात्री गेली. लहान मुलं तर निम्म्या वेळा चुकली तरी नवल नाही. हे कौशल्य पिकायला पौगंडावस्था संपत यावी लागते, आणि भाच्याचं वय लक्षात घेता हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

हा "थांब" येतो कुठून? 1985 मध्ये गिटन, बुक्टेल आणि डग्लस यांनी मेंदूच्या पुढच्या भागात, म्हणजे फ्रंटल लोबमध्ये, शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना हीच चाचणी दिली. त्यांना डोळे हवे तिकडे नेता येत होते, दिसतही नीट होतं. फक्त अचानक उमटलेल्या ठिपक्याकडे जाणारी नजर त्यांना रोखता येईना. म्हणजे उडी मारण्याची सोय शाबूत आणि रोखण्याची गेलेली. या दोन गोष्टी मेंदूत वेगळ्या राहतात, आणि तुमच्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे.

आता थोडं खोलात जाते, कारण औषध नेमकं इथे येतं. मेंदूच्या बुंध्यात वरच्या बाजूला सुपिरिअर कॉलिक्युलस नावाचा भाग आहे. नजरेची उडी शेवटी इथून सुटते. त्याला सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशींनी बांधून ठेवलेलं असतं, दावणीला बैल बांधावा तसं. या पेशी काही घडत नसतानाही अखंड संदेश सोडत राहतात आणि त्यांचा अर्थ एकच: थांब. उडी मारायची वेळ आली की कॉडेट नावाचा भाग या पेशींना क्षणभर गप्प करतो, दावं सैल होतं, उडी सुटते, की पुन्हा बांधणी. हिकोसाका आणि वुर्ट्झ यांनी 1980 च्या दशकात माकडांवर हे दाखवलं. सबस्टॅन्शिया नायग्राचा तो भाग त्यांनी औषध टोचून काही काळ बंद पाडला, तेव्हा माकडाची नजर नको असताना एका बाजूला पुन्हा पुन्हा उडू लागली. एका जागी बघत राहणंच त्याला जमेना. डोळ्याला कुणी ढकललं नव्हतं, धरून ठेवणारं कुणी उरलं नव्हतं एवढंच.

तर नजर स्थिर असणं म्हणजे मेंदूचं काम थांबलेलं असणं नव्हे. तिथे सतत काम चालू असतं. आणि दावं केव्हा सैल करायचं हे कॉडेटला सांगणारा वरिष्ठ म्हणजे तोच मेंदूचा पुढचा भाग. कॉडेट डोपामिनवर, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणाऱ्या एका रसायनावर, चालतो. पुढच्या भागाला डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन नावाचं तसंच दुसरं रसायन, अशी दोन्ही लागतात, आणि दोन्ही नेमक्या मापात.

मिथाइलफेनिडेट काय करतं? पेशींनी बाहेर सोडलेलं डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन परत आत ओढून घेणारे पंप असतात, ते हे औषध अडवतं. त्यामुळे सोडलेलं रसायन जास्त वेळ बाहेर राहतं. अँफेटामिन नावाचं दुसरं उत्तेजक याच्या पुढे जातं, ते पेशीच्या आतला साठाही बाहेर काढतं. कोकेनही पंपच अडवतं, मिथाइलफेनिडेटसारखंच. हे ऐकून ताईंना धस्स होईल, म्हणून पुढचं आधी वाचा आणि मग त्यांना सांगा.

चळवळ्या मुलाला उत्तेजक देण्याची कल्पना नवी नाही. 1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली यांनी वर्तनाच्या अडचणी असलेल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन, म्हणजे अँफेटामिन, दिलं आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या मुलांचा शाळेतला अभ्यास बघता बघता सुधारल्याचं नोंदवलं. मिथाइलफेनिडेट बाझेलमधल्या सीबा कंपनीच्या लिआंद्रो पानिझ्झोन यांनी 1944 मध्ये तयार केलं. टेनिस खेळण्याआधी ते घेणाऱ्या त्यांच्या पत्नीच्या, रिटाच्या, नावावरून ते पुढे रिटालिन झालं. त्यानंतर कितीतरी वर्षं डॉक्टर सांगत राहिले की या मुलांचा मेंदू उलटा चालतो, म्हणून उत्तेजकाने ती शांत होतात. आणि शांत झाली तर एडीएचडी आहे हे सिद्ध झालं. हे चुकीचं आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी 1978 मध्ये काहीही तक्रार नसलेल्या 14 मुलांना डेक्स्ट्रोअँफेटामिनचा, म्हणजे अँफेटामिनच्याच एका प्रकाराचा, एक डोस दिला. त्यांचीही हालचाल कमी झाली, लक्ष वाढलं. तेव्हा तुमच्या भाच्याच्या मेंदूत काही उलटं नाही. शेजारच्या शांत मुलाला तीच गोळी दिली तर तोही आणखी शांत बसेल. फरक इतकाच की त्याला तिची गरज नाही.

तरी मग कोकेन घेणारा माणूस शांत का बसत नाही? कारण किती, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती वेगाने. नोरा व्होल्को यांच्या गटाने 1990 च्या दशकात मेंदूची चित्रं काढून दाखवलं की उपचाराच्या मात्रेत तोंडावाटे घेतलेलं मिथाइलफेनिडेट डोपामिनचे निम्म्याहून जास्त पंप अडवतं. आकडा कोकेनच्या जवळ जाणारा. पण गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जाऊन पूर्ण भरात यायला तासभर किंवा जास्त घेते, तर हुंगलेलं किंवा शिरेतून घेतलेलं कोकेन काही मिनिटांत तिथे पोचतं. झिंग त्या वेगाची असते. हळू चढणाऱ्या गोळीत ती नसते, आणि म्हणूनच गोळी कुटून हुंगणं हा वेगळा आणि धोक्याचा प्रकार आहे.

मात्रेचं गणित आणखी मजेदार आहे. विस्कॉन्सिनच्या क्रेग बेरिज आणि डेव्हिड डेव्हिलबिस यांनी 2006 मध्ये उंदरांवर दाखवलं की कमी मात्रेत मिथाइलफेनिडेट मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागातच ही रसायनं वाढवतं. मात्रा वाढवली की सगळीकडे पसरतं, आणि तेव्हा प्राणी उलट चळवळ्या होतो. येल विद्यापीठाच्या एमी आर्न्स्टन यांनी याचा पेशींच्या पातळीवरचा हिशेब मांडला. नॉरॲड्रेनलिन मध्यम असेल तर ते पुढच्या भागातल्या एका जातीच्या ग्राहींना (पेशीवरच्या रसायन पकडणाऱ्या जागांना) चिकटतं आणि पेशींचं जाळं घट्ट होतं. फार झालं की दुसऱ्या जातीच्या ग्राहींना चिकटतं आणि तेच जाळं सुटतं. कमी तर काम नीट नाही, जास्त तरी नाही. घाबरल्यावर डोकं चालत नाही, त्यामागेही हेच आहे.

हा मधला पट्टा प्रत्येकाचा वेगळ्या जागी असतो. पुढच्या भागातलं डोपामिन मोडणारं सीओएमटी नावाचं वितंचक (एन्झाइम) काही लोकांत जोरात चालतं, काहींत सावकाश. मत्ताय आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवलं की ज्यांच्यात ते जोरात चालतं त्यांना अँफेटामिनने अवघड कामात फायदा होतो, आणि सावकाश चालणाऱ्यांना त्याच मात्रेत तोटा होऊ शकतो. एकच गोळी, दोन माणसं, उलटे परिणाम. डॉक्टर छोट्या मात्रेपासून सुरुवात करून हळूहळू चढवतात तेव्हा पालकांना वाटतं हे चाचपडताहेत. चाचपडतातच, आणि तसंच करायला हवं.

आता एडीएचडी आणि डोळा. कॅनडातल्या किंग्स्टनमध्ये डग्लस मुन्योझ यांच्या गटाने 2003 मध्ये एडीएचडी असलेली मुलं आणि मोठी माणसं यांच्या नजरेच्या उड्या मोजल्या. अँटिसॅकेडमध्ये चुका जास्त निघाल्या, हे अपेक्षितच होतं. मला जास्त बोलका वाटतो तो दुसरा निष्कर्ष: नुसतं एका ठिपक्याकडे बघत राहा म्हटलं तरी या मंडळींची नजर मध्येच कुठेतरी उडून येत होती. आणि प्रतिसादाचा वेळ एकसारखा नव्हता. एकदा झटकन, पुढच्या वेळी उशिरा. अशा मुलांना मिथाइलफेनिडेट दिल्यावर अँटिसॅकेडच्या चुका कमी होतात असं काही अभ्यासांत, जर्मनीतल्या फ्रायबुर्गमधल्या अभ्यासासकट, दिसलं आहे. थोडक्यात, बांधणी घट्ट झाली.

वाचताना ओळ सुटत नाही हे यात बसतं. ओळीच्या शेवटी पोचल्यावर डोळ्याला एक लांब उडी डावीकडे मारून बरोबर पुढच्या ओळीवर उतरायचं असतं. मध्येच नजर दुसरीकडे उडाली तर उतरण्याची जागा चुकते. पण ताईंना एक विचारा: नेत्रतज्ज्ञांना दाखवलंय का? जवळचं बघताना दोन्ही डोळे नाकाकडे पुरेसे वळत नसतील तरी ओळ सुटते, डोकं दुखतं, मूल पुस्तक टाळतं, आणि हा त्रास एडीएचडी असलेल्या मुलांत बऱ्यापैकी आढळतो. त्यावर मिथाइलफेनिडेट हा उपाय नाही. शिवाय औषधाने काहींना धूसर दिसतं, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घालावं.

डोळा सोडून हाताकडे वळलं तरी चित्र बहुतेक तेच राहतं. 1984 मध्ये लोगन आणि काउवन यांनी "थांबा" चाचणीचं गणित मांडलं. खूण दिसली की बटण दाबायचं, पण मध्येच शिटी वाजली तर हात आवरायचा. चढाओढ असते हात सुटणं आणि हात आवरणं यांच्यात. आवरायला निरोगी माणसाला साधारण 200 ते 250 मिलिसेकंद लागतात. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसांत मिथाइलफेनिडेटने हे आवरणं सुधारतं असं केंब्रिजमध्ये दिसलं. तिथेच 2006 मध्ये चेंबरलेन आणि सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांना ॲटोमॉक्सेटिन दिलं. हे औषध नॉरॲड्रेनलिनचा पंप अडवतं आणि उत्तेजकांत मोडत नाही. तरी त्यानेही हात आवरणं सुधारलं. म्हणून "सगळं डोपामिनचं काम" असं कुणी ठासून सांगितलं तर मला पटत नाही.

नशेच्या बाजूला काय होतं? केंटकी विद्यापीठाच्या फिलमोर आणि रश यांनी 2002 मध्ये दाखवलं की वर्षानुवर्षं कोकेन घेणाऱ्यांना हात आवरायला जास्त वेळ लागतो. ह्यूस्टनमधल्या एका अभ्यासात अँटिसॅकेडच्या ठिपक्याऐवजी चित्रं वापरली, तर कोकेनच्या आहारी गेलेल्यांची नजर कोकेनच्या चित्राकडे जास्त वेळा खेचली गेली. यावरून लोक लगेच म्हणतात की कोकेनने लगाम खराब केला. पण केंब्रिजच्या कॅरेन एर्श यांनी 2012 मध्ये व्यसनी माणसांच्या बरोबरीने त्यांच्या अजिबात व्यसन नसलेल्या सख्ख्या भावंडांनाही तपासलं. त्यांनाही हात आवरायला तितकाच त्रास होता. म्हणजे ढिली बांधणी कित्येकांत आधीपासूनच असते, आणि व्यसनाकडे जाण्याच्या वाटेवर तीही एक कारण असू शकते.

इथे पुण्यामुंबईतल्या परीक्षार्थींसाठी एक आडवाक्य, कारण या प्रश्नाखाली कुणीतरी ते विचारणारच. रात्र जागवण्यासाठी मित्राची गोळी घेतली तर काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मार्था फराह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना अँफेटामिन देऊन चाचण्या घेतल्या. प्रत्यक्ष गुण फारसे हलले नाहीत, पण आपण चांगलं केलं असं घेणाऱ्यांना ठामपणे वाटत होतं. शिवाय भारतात मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणातल्या औषधांच्या यादीत, येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत औषधविक्रेत्याला दोन वर्षं जपून ठेवावी लागते, आणि 1985 चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदाही त्याला लागू आहे. "मित्राकडून घेतली" हा बचाव तिथे चालत नाही.

आता तुमचा तिसरा प्रश्न. डोळे मोजून तुमच्या भाच्याला औषध लागू पडतंय की नाही हे सांगता येत नाही. वर सांगितलेले सगळे फरक गटांच्या सरासरीतले आहेत. एडीएचडी असलेलं एखादं मूल अँटिसॅकेडमध्ये छान गुण मिळवतं आणि एडीएचडी नसलेलं दुसरं सपशेल चुकतं. या चाचणीत जास्त चुका स्किझोफ्रेनियात होतात, पार्किन्सन्स आणि हंटिंग्टनच्या आजारांत होतात, डोक्याला मार लागल्यावर होतात, आणि 9 वर्षांचं असण्यानेही होतात. शिवाय सरावाने चुका घटतात, त्यामुळे दुसऱ्यांदा चाचणी दिली तर गोळी न घेताही सुधारणा दिसेल. डोळे तपासून एडीएचडी पक्कं सांगतो असं कुणी म्हणत असेल तर पैसे देण्याआधी विचार करा.

ताईंनी बघायचं ते साधं आहे. वर्गशिक्षिका काय म्हणतात, आणि त्या गोळीच्या वेळेत म्हणतात की नंतर. साधी गोळी तीन-चार तास चालते, हळू सुटणारी आठ ते बारा तास. दुपारी शाळा सुटल्यावर मूल जास्त चिडत असेल तर ते औषध उतरण्यामुळे असू शकतं आणि डॉक्टरांना ते कळायला हवं. भूक कमी होते, म्हणून वजन आणि उंची दर भेटीत लिहून ठेवा. झोप लागते का, नाडी आणि रक्तदाब किती, हेही. आणि तो गोळी घेतल्यावर नुसता गप्प नाही तर मलूल, यंत्रासारखा वाटत असेल, एकाच गोष्टीत अडकून बसत असेल, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका. मात्रा मधला पट्टा ओलांडून गेल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि बऱ्याचदा ती कमी केल्यावर ते जातं.